खुर्ची का कुरकुरते?



हा अंक तुम्ही खुर्चीत बसून वाचत असाल, तर जरा उठा आणि ती खुर्ची उलटी करून पाहा. लोखंडाची किंवा प्लॅस्टिकची असेल तर शेजारच्या घरातली एखादी जुनी लाकडी खुर्ची शोधा. पाय आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. खुर्ची चांगल्या सुताराच्या हातची असेल, तर तिथे खिळा सापडणार नाही, स्क्रूही सापडणार नाही. बाहेरून दिसेल ती फक्त केसासारखी एक बारीक रेघ. मग पट्टी पायाला धरून ठेवते तरी कोण?

याचे उत्तर त्या रेघेच्या आत दडलेले आहे. पट्टीचे टोक तासून तिला एक चपटी जीभ केलेली असते. तिला सुतार ‘कुसू’ म्हणतात. पायात तेवढ्याच मापाची लांबट चौकोनी खाच पाडलेली असते. कुसू खाचेत शिरते आणि सांधा तयार होतो. दिसायला हे अगदी साधे, पण त्यात पदार्थविज्ञानाचे दोन-तीन धडे सामावलेले आहेत. ते मी पुस्तकातून शिकवले होते. समजले मात्र एका पडलेल्या खुर्चीमुळे.

खिळ्यांची खुर्ची

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी आईसाठी एक खुर्ची केली. लाकूड चांगले सागवानी होते, मापे बिनचूक होती. सांधे मात्र सोपे केले. पट्टीचे टोक पायाला टेकवायचे, सरस लावायचा आणि बाहेरून तीन-तीन खिळे ठोकायचे. खुर्ची छान दिसली. दिवाळीपर्यंत मजबूत होती. होळीच्या सुमारास ती कुरकुरू लागली. मी हातोडीने खिळे आणखी आत बसवले. एप्रिलमधल्या एका दुपारी आई पाठ टेकून बसली असताना मागचा पाय पट्टीपासून सुटला आणि ती पडली. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात होता. त्या दीड महिन्यात तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच जास्त लागले.

आमच्या गल्लीत एक वृद्ध सुतार राहत. मोडलेली खुर्ची मी त्यांच्याकडे नेली. त्यांनी सांधा उघडून पाहिला, खिळ्याभोवतीचे भोक दाखवले आणि म्हणाले, “मास्तर, खिळा लाकडाला धरतो हे खरं. पण लाकडानं खिळ्याला किती दिवस धरून ठेवायचं?”

ते भोक गोल राहिले नव्हते. लांबट झाले होते. का, ते आता पाहू.

सांध्यावर किती जोर येतो?

तुम्ही खुर्चीत पाठ टेकून बसता तेव्हा तुमची पाठ खुर्चीच्या पाठीला मागे ढकलते. हा जोर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका आहे असे धरू. तो बैठकीजवळच्या सांध्यापासून ४० सें.मी. उंचीवर लागतो. बलाचे आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकला आहात.

२०० न्यूटन × ०.४ मीटर = ८० न्यूटन-मीटर.

मागचे पाय दोन आहेत, म्हणून प्रत्येक सांध्याच्या वाट्याला ४० न्यूटन-मीटर येतात. आता हे आघूर्ण सांध्याला परतवायचे आहे. त्यासाठी त्याच्याजवळ साधन एकच: पट्टीची उंची. पाय मागे झुकू पाहतो तेव्हा सांध्याची वरची कड उघडू लागते आणि खालची कड दाबली जाते. वर ओढणारे बल आणि खाली दाबणारे बल मिळून एक बलयुग्म होते. पट्टी ७५ मि.मी. उंच असेल, तर या दोन बलांमधले अंतर फार तर ५० मि.मी. मिळते.

४० न्यूटन-मीटर ÷ ०.०५ मीटर = ८०० न्यूटन.

म्हणजे तुम्ही नुसते रेलून बसलात तरी एकेका सांध्यावर ८० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते! पट्टीची उंची निम्मी केली, तर हीच ओढ दुप्पट होईल. खुर्चीच्या बैठकीखालच्या पट्ट्या रुंद का ठेवतात आणि खाली पायांना आणखी एक आडवी पट्टी का जोडतात, हे आता ध्यानात येईल. खालची पट्टी वरच्या सांध्याचा भार वाटून घेते.

वर्गात पुष्कळ जण बाकाच्या नाही तर खुर्चीच्या पुढच्या पायांना उचलून मागे झुलतात. त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. ६० किलोग्रॅम वजनाचा मुलगा झुलू लागला की सारे वजन मागच्या दोन पायांवर येते. प्रत्येकावर ३०० न्यूटन. खुर्ची १५ अंशांनी कलली असेल, तर जमिनीच्या या प्रतिक्रियेचा सुमारे एक-चतुर्थांश भाग पायाला आडवा, पुढच्या बाजूला ढकलतो. हे बल सांध्यापासून ४० सें.मी. खाली लागते. त्याचे आघूर्ण ३० न्यूटन-मीटर भरते, आणि दिशा पाठीच्या आघूर्णाचीच असते. पाठ वरून मागे ढकलते, जमीन खालून पुढे ढकलते, आणि दोन्ही मिळून सांधा पिळतात. ४० चे ७० होतात. ८०० न्यूटनची ओढ १,४०० वर जाते. शिक्षक झुलू नका म्हणतात ते केवळ शिस्तीसाठी नव्हे.

खिळा का हरतो?

लाकूड म्हणजे कडब्याच्या पेंढीसारखी रचना समजा. बारीक पोकळ नळ्या एका दिशेने चिकटून उभ्या आहेत. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने लाकूड भक्कम असते. पण नळी नळीपासून सुटणे सोपे. म्हणूनच लाकूड फोडताना आपण कुऱ्हाड उभ्या तंतूंवर मारतो.

मी केलेल्या खुर्चीत खिळे पायातून आरपार जाऊन पट्टीच्या टोकात शिरले होते, म्हणजे तंतूंच्या लांबीला समांतर. अशा ठिकाणी खिळ्याची पकड आडव्या तंतूंमधल्या पकडीपेक्षा पुष्कळ कमी असते. खिळा टिकतो तो घर्षणावर. प्रत्येक हेलकाव्याबरोबर खिळ्याची बारीक दांडी भोवतालचे तंतू चिरडते. जोर मोठा आणि क्षेत्रफळ लहान, म्हणजे दाब प्रचंड. एकदा चिरडलेले तंतू पुन्हा फुगून उभे राहत नाहीत. भोक लांबट होते, खुर्ची आणखी हलते, आणि हलल्यामुळे भोक आणखी मोठे होते. कुरकुर म्हणजे हा सारा उद्योग चालू असल्याची बातमी.

सरसाचेही तसेच. पट्टीच्या कापलेल्या टोकावर सगळ्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. सरस त्या तोंडांत मुरून जातो आणि पृष्ठभागावर पातळ, उपाशी थर उरतो. तंतूंच्या बाजूचा पृष्ठभाग सरसाला चांगला धरतो, टोकाचा पृष्ठभाग धरत नाही.

कुसू काय करते?

आता ७५ मि.मी. रुंद आणि २५ मि.मी. जाड पट्टीच्या टोकाला ६० मि.मी. रुंद आणि ३० मि.मी. लांब कुसू काढले असे समजा. त्याच्या दोन गालांचे क्षेत्रफळ २ × ६० × ३० = ३,६०० चौरस मि.मी. हे सारे क्षेत्रफळ तंतूंच्या बाजूचे, म्हणजे सरसाला मानवणारे. सरसाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर फक्त २ न्यूटन पेलतो असे सावधपणे धरले, तरी एकूण ७,२०० न्यूटन होतात. जोर सगळीकडे सारखा वाटला जात नाही हे खरे, पण ८०० शी तुलना करून पाहा.

शिवाय कुसाच्या बुडाशी चारही बाजूंनी जो कंगोरा राहतो, त्याला आपण खांदा म्हणू. हा खांदा पायावर सपाट टेकतो आणि दाबणारे बल त्याच्यामार्फत रुंद पृष्ठभागावर पसरते. खिळ्याची सुईसारखी टोचणी इथे नाही. सरस उद्या सुटला तरी कुसू खाचेच्या भिंतींत अडकलेले असते; त्यामुळे सांधा एकदम दगा देत नाही, आधी ढिला होऊन इशारा देतो. माझ्या आईला तो इशाराही नीट मिळाला नव्हता, कारण मी हातोडीने तो बंद केला होता.

पावसाळा आणि उन्हाळा

दिवाळीपर्यंत मजबूत असलेली खुर्ची होळीला का कुरकुरली? लाकूड मेल्यावरही हवेतले पाणी घेत-देत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास दीर्घकाळ राहिली, तर लाकडातले पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत चढते. आर्द्रता ३० टक्के राहिली, तर ते ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी कमी झाले की नळ्यांच्या भिंती आकसतात.

पण लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. ओले सागवान पूर्ण सुकेपर्यंत वलयांना समांतर दिशेने साडेपाच ते सहा टक्के आकसते. त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे अडीच टक्के. आणि लांबीच्या दिशेने? जेमतेम एक-दोन दशांश टक्का! पुष्कळ लाकडांपेक्षा सागवान कमी आकसते, आणि फर्निचरसाठी त्याची इतकी मागणी असण्याचे हे एक कारण आहे.

हिशेब करू. हे आकसणे पाण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांच्या खाली उतरले की सुरू होते. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक एक टक्क्यामागे वलयांच्या दिशेने साधारण ०.२ टक्के बदल. पावसाळ्यात १८ टक्के पाणी असलेली पट्टी उन्हाळ्यात ८ टक्क्यांवर आली, तर ती २ टक्के आकसेल. ७५ मि.मी. रुंद पट्टीत हा फरक दीड मिलिमीटर होतो. लाकूड दीड मिलिमीटर हलते, खिळा मात्र होता तिथेच राहतो. मग पकड ढिली होणारच.

कुसाच्या सांध्यालाही हा नियम चुकत नाही. खाचेची लांबी पायाच्या तंतूंच्या दिशेने असते, ती बदलत नाही. कुसाची ६० मि.मी. रुंदी मात्र तंतूंना आडवी असते. ती वर्षभरात १.२ मि.मी. पर्यंत कमीअधिक होऊ शकते. सांध्याच्या पोटात हे भांडण कायम चालू राहते. म्हणून फार रुंद पट्टीला सुतार एकच रुंद कुसू ठेवत नाहीत; मध्ये जागा सोडून दोन अरुंद कुसे काढतात. आणि म्हणूनच ओले लाकूड कामाला घेत नाहीत.

सांधा करून पाहा

हा सांधा शाळेच्या कार्यशाळेत किंवा ओळखीच्या सुतारकाकांसमोर बसून करता येईल. खुर्चीला हात घालण्यापूर्वी एक नमुना करा. पायासाठी ४० × ४० मि.मी. चा आणि पट्टीसाठी ७५ × २५ मि.मी. चा, प्रत्येकी ३०० मि.मी. लांब सुका तुकडा घ्या.

आखणी. कुसाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक-तृतीयांश ठेवतात, म्हणजे इथे सुमारे ८ मि.मी. कुसू फार जाड केले तर खाचेच्या भिंती दुबळ्या होतात, फार पातळ केले तर कुसू मोडते. एक-तृतीयांश ही दोघांमधली तडजोड आहे. तुमच्या पटाशीची रुंदी ८ ऐवजी १० मि.मी. असेल, तर कुसूही १० चेच करा. खाच पटाशीच्या मापाची होते, म्हणून नेहमी खाच आधी आणि कुसू नंतर. खाच मोठी झाली तर ती लहान करता येत नाही. कुसू मात्र तासून बेताचे करता येते.

पायाच्या वरच्या टोकाला २५ मि.मी. लाकूड जादा सोडा. त्याखाली १५ मि.मी. जागा ठेवून ६० मि.मी. लांबीची खाच आखा. जादा लाकूड सांधा वाळल्यावर कापायचे आहे. ते नसेल तर पटाशीच्या घावाने पायाचे टोक फुटते.

खाच. पाय क्लॅम्पने घट्ट बांधा. पटाशीची धार तंतूंना आडवी धरा. हे महत्त्वाचे आहे. धार आडवी असली तर ती तंतू कापते. तंतूंना समांतर धरली तर तीच पाचरीसारखी पाय फोडते. मोगरीने ठोकत तीन-तीन मिलिमीटर पुढे सरका आणि भुगा काढत खोल जा. दोन्ही टोकांना २ मि.मी. शेवटपर्यंत राखून ठेवा, कारण तुकडे उचकटताना पटाशी त्या कडांवर तरफेसारखी टेकते आणि त्या चेपतात. खोली ३२ मि.मी. ठेवा. दुसरा हात कधीही धारेच्या पुढे असता कामा नये.

कुसू. पट्टीच्या टोकापासून ३० मि.मी. वर गुण्या लावून सुरीने चारही बाजूंनी रेघ मारा. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला जवळजवळ नसते. शिवाय तंतू आधीच कापले गेल्यामुळे खांद्याची कड उसवत नाही. करवत रेघेवर न चालवता टाकाऊ बाजूला चालवा. करवतीचा काप सुमारे एक मिलिमीटर रुंद असतो, आणि तो कुसातून गेला तर सांधा ढिला होतो. शेवटी कुसाच्या वरच्या कडेचे १५ मि.मी. कापून टाका.

बसवणी. कुसू हाताच्या जोराने, फार तर मोगरीच्या हलक्या ठोक्याने आत जायला हवे. फार घट्ट असेल तर ते पाय फोडील. ढिले असेल तर सरसाचा थर जाड होऊन दुबळा पडेल. किती फट चालेल? वहीच्या पानाएवढी. वहीची १०० पाने दाबून पट्टीने मोजा. साधारण १० मि.मी. भरतील, म्हणजे एक पान ०.१ मि.मी. आपली सूक्ष्ममापी तयार झाली! कुसाच्या बाजूने एक पान जाईल पण दोन अडतील, इतके जमले की सरस लावा आणि क्लॅम्प आवळा. खाच कुसापेक्षा २ मि.मी. खोल ठेवली आहे, तिथे जादा सरसाला जागा मिळते. ती नसती, तर कुसू तळाला टेकले असते आणि खांदा पायाला भिडलाच नसता.

पुढे पूर्ण चौकट जोडाल तेव्हा तिचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. भूमितीतले प्रमेय असे उपयोगी पडते. खुर्चीच्या पायात दोन बाजूंनी दोन कुसे येतात आणि आत एकमेकांना अडवतात. म्हणून त्यांची टोके ४५ अंशांत तिरपी कापतात.

परीक्षा. त्याच मापाचा दुसरा नमुना तीन खिळ्यांनी करा. दोन्हींचे पाय एकामागून एक टेबलाला घट्ट बांधा, पट्टी बाहेर येऊ द्या. सांध्यापासून २५ सें.मी. वर बादली टांगून तीत १० लिटर पाणी घाला. बादलीचे वजन सोडले तरी २५ न्यूटन-मीटर आघूर्ण झाले. पाय बादलीखाली ठेवू नका. बादली पन्नास वेळा उचला आणि टेकवा, आणि दोन्ही सांध्यांची फट वहीच्या पानांनी मोजून लिहून ठेवा.

सात हजार वर्षांची युक्ती

ही युक्ती फार जुनी आहे. जर्मनीत लाइपझिग परिसरात सापडलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या विहिरींच्या ओक लाकडी चौकटींत कुसू आणि खाच आहेत. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे लोखंड हाती येण्यापूर्वी, दगडी हत्यारांनी माणसाने असे सांधे केले. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या उभ्या शिळांच्या डोक्यावर दगडी कुसे आहेत आणि आडव्या शिळांत त्यांच्यासाठी खाचा. आपल्याकडे सांचीच्या स्तूपाभोवतीचा कठडा पाहा. उभ्या दगडी खांबांना खाचा पाडून त्यांत आडवे दगड बसवले आहेत. लाकडातले सुतारकाम पाथरवटांनी दगडात उतरवले. बैलगाडीच्या चाकात आरे तुंब्यात शिरतात तीही कुसेच. वरून लोखंडाची धाव तापवून चढवतात. ती थंड होऊन आकसली की सारे सांधे एकदम आवळले जातात. घरातल्या जुन्या खाटेचे गाते खुरात कसे बसवले आहे, तेही एकदा पाहा.

आईची खुर्ची मी पुन्हा केली. सुतारकाकांच्या ओट्यावर बसून सोळा सांधे पाडायला मला सात रविवार लागले. पहिले तीन सांधे त्यांनी न बोलता बाजूला ठेवले, चौथा चालेल म्हणाले. सरसाबरोबर प्रत्येक सांध्यात बांबूची एक खुंटीही मारली. तिचे भोक कुसात पाडताना ते खांद्याकडे एक मिलिमीटर सरकवायचे, म्हणजे खुंटी ठोकताना कुसू आपोआप आत ओढले जाते, हे त्यांनीच दाखवले. त्या खुर्चीने आजवर अनेक उन्हाळे पाहिले आहेत. आई अजून तिच्यात बसते. पहिले काही महिने मात्र बसण्यापूर्वी ती हाताने दाबून पाहत असे.

तुमच्या घरातली एखादी खुर्ची कुरकुरत असेल, तर तिच्यात खिळा ठोकू नका. कुसात खिळा गेला की ते चिरते आणि सांधा पुन्हा दुरुस्त करणे अवघड होते. तो सांधा हळूच उघडा, जुना सरस खरवडून काढा, नवा लावा आणि रात्रभर आवळून ठेवा. तोवर तिच्यावर कोणाला बसू देऊ नका.